‘हॅव’, ‘हॅज’ की ‘हॅड’? इंग्रजी लिहिताना कुठे काय वापरायचे

‘मला ताप आहे’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘तिचे नाशिकला घर आहे’, ‘या खोलीला तीन खिडक्या आहेत’, ‘त्याच्यात धमक आहे’. मराठीत ही वाक्ये वेगवेगळ्या तऱ्हांनी बांधली जातात. कुठे ‘ला’ येतो, कुठे ‘कडे’, कुठे ‘चे’, तर कुठे ‘त’. इंग्रजीत मात्र या पाचही वाक्यांना एकच क्रियापद पुरते. ते म्हणजे ‘हॅव’.

शाळेत अगदी पहिल्या काही धड्यांत भेटणारे हे क्रियापद. तरीही सुट्टीचा अर्ज, नोकरीसाठीचा ईमेल, बँकेकडची तक्रार किंवा फेसबुकवरची पोस्ट लिहिताना अनेकांचे बोट इथेच अडखळते. ‘हॅव’ लिहायचे की ‘हॅज’? ‘हॅड’ कधी? ‘आय ॲम हॅविंग’ चालते का? ‘हॅज बीन’ म्हणजे नेमके काय? या चुकांमागे बहुतेक वेळा एकच कारण असते: मनात मराठीतले ‘आहे’ आणि ‘होते’ असतात आणि आपण त्यांच्या जागी ‘हॅव’ आणि ‘हॅड’ ठेवत जातो. दोन्ही भाषांची चाल कुठे वेगळी होते ते एकदा समजले, की बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मूळ फरक: मराठीत वस्तू कर्ता, इंग्रजीत मालक

मराठीत ‘हॅव’ला नेमका प्रतिशब्द नाही. मालकी, नाते किंवा आजार सांगायलाही आपण ‘असणे’ हेच क्रियापद वापरतो. हे मराठीचे उणेपण नव्हे. संस्कृतात ‘मम पुस्तकम् अस्ति’ म्हणतात, हिंदीत ‘मेरे पास किताब है’ म्हणतात. रशियन भाषेतही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच धर्तीची रचना आहे.

आता हे वाक्य पाहा: ‘तिला तीन मुलगे आहेत.’ इथे ‘आहेत’ हे अनेकवचन का आले? कारण मुलगे तीन आहेत. मराठी क्रियापद इथे ‘मुलगे’ या शब्दाकडे पाहून बदलते. इंग्रजीत मात्र कर्ता आहे ‘ती’, म्हणून वाक्य होते ‘शी हॅज थ्री सन्स’. मुलगे तीन असोत वा एक, ‘हॅज’ बदलत नाही.

उलट बाजूने पाहा: ‘त्यांना एक मुलगी आहे.’ मराठीत ‘आहे’ एकवचनी, कारण मुलगी एक. इंग्रजीत ‘दे हॅव वन डॉटर’, कारण मालक अनेक.

म्हणून पहिला नियम असा: वस्तू मोजू नका, मालक पाहा.

• ‘आय’, ‘यू’, ‘वी’, ‘दे’ आणि सर्व अनेकवचनी नामे: हॅव
• ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि सर्व एकवचनी नामे: हॅज
• भूतकाळात सर्वांना सरसकट: हॅड

‘आय’ म्हणजे एकच माणूस, तरी त्याला ‘हॅज’ लागत नाही. ‘यू’चेही तसेच. समोर एक जण असो की शंभर, ‘यू हॅव’च.

फसवे कर्ते

नियम सोपा असला तरी कर्ता एकवचनी आहे की अनेकवचनी, हे ओळखताना गडबड होते. नेहमी फसवणाऱ्या जागा या आहेत:

१. आदरार्थी बहुवचन. मराठीत ‘सर आले आहेत’, ‘आजोबांनी सांगितले आहे’, ‘मुख्यमंत्री गेले आहेत’ असे आपण आदराने म्हणतो. इंग्रजीत आदरासाठी अनेकवचन वापरत नाहीत. त्यामुळे ‘द प्रिन्सिपल हॅव डिक्लेअर्ड अ हॉलिडे’ हे चूक, तर ‘द प्रिन्सिपल हॅज डिक्लेअर्ड अ हॉलिडे’ हे बरोबर. ‘माय फादर हॅज रिटायर्ड’ असे लिहिल्याने वडिलांचा मान कमी होत नाही.

२. ‘एव्हरीवन’, ‘एव्हरीबडी’, ‘ईच’, ‘समवन’, ‘नोबडी’. अर्थ ‘सगळे’ किंवा ‘प्रत्येक जण’ असा असला तरी इंग्रजी व्याकरणात हे शब्द एकवचनी आहेत. म्हणून ‘एव्हरीवन हॅज सीन द व्हिडिओ’.

३. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. इथे ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी दिसते, पण बोलणे चालले आहे त्यांतल्या एकाबद्दल. म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज अ स्टुडिओ’.

४. ‘पीपल’ आणि ‘पोलीस’ हे शब्द इंग्रजीत अनेकवचनी आहेत: ‘द पोलीस हॅव रजिस्टर्ड अ केस’. याउलट ‘न्यूज’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हे एकवचनी आहेत: ‘द न्यूज हॅज स्प्रेड’.

५. ‘द नंबर ऑफ’ आणि ‘अ नंबर ऑफ’. पहिल्याचा अर्थ ‘संख्या’, म्हणून ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज इन्क्रीज्ड’. दुसऱ्याचा अर्थ ‘बरेच’, म्हणून ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव कम्प्लेन्ड’.

६. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘गव्हर्नमेंट’. अमेरिकन इंग्रजीत यांना साधारणपणे ‘हॅज’ लावतात, ब्रिटिश इंग्रजीत ‘हॅज’ आणि ‘हॅव’ दोन्ही आढळतात. कोणतेही घ्या, पण एका लेखनात एकच ठेवा.

‘डू’, ‘डज’, ‘डिड’ आले की ‘हॅव’ मूळ रूपात

‘तिच्याकडे लॅपटॉप नाही’ याचे इंग्रजी ‘शी डज नॉट हॅव अ लॅपटॉप’. इथे ‘शी’ आहे म्हणून पुन्हा ‘हॅज’ लिहायचा मोह होतो. पण कर्त्याप्रमाणे बदलण्याचे काम ‘डज’ने आधीच केलेले असते. तसेच भूतकाळ दाखवण्याचे काम ‘डिड’ करतो, म्हणून त्याच्यानंतर ‘हॅड’ येत नाही.

• चूक: ‘शी डज नॉट हॅज अ लॅपटॉप.’
• बरोबर: ‘शी डज नॉट हॅव अ लॅपटॉप.’
• चूक: ‘आय डिड नॉट हॅड टाइम.’
• बरोबर: ‘आय डिड नॉट हॅव टाइम.’

‘विल’, ‘कॅन’, ‘शुड’, ‘मस्ट’, ‘मे’ यांच्यानंतरही फक्त ‘हॅव’ येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांत दिसणारे ‘मे शी हॅज अ ग्रेट इयर’ हे याच कारणाने चुकते. तिथे ‘मे शी हॅव अ ग्रेट इयर’ हवे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. ‘हॅव’ जेव्हा दुसऱ्या क्रियापदाला मदत करतो, म्हणजे सहाय्यकारी असतो, तेव्हा प्रश्न किंवा नकारासाठी ‘डू’ लागत नाही. ‘त्याने पैसे भरले आहेत का?’ याचे इंग्रजी ‘हॅज ही पेड?’ आणि नकार ‘ही हॅज नॉट पेड’. ‘डिड ही हॅव पेड?’ असे लिहिणे चूक आहे.

‘आय ॲम हॅविंग’ कधी चालते?

‘आय ॲम हॅविंग अ डाउट’, ‘आय ॲम हॅविंग थ्री सिस्टर्स’, ‘आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’. भारतात बोलताना ही वाक्ये इतकी कानावर पडतात, की ती खटकत नाहीत. लिखित प्रमाण इंग्रजीत मात्र ती चूक धरली जातात, आणि नोकरीच्या अर्जात पहिल्याच ओळीत डोळ्यांत भरतात.

‘इंग’ लावलेले रूप चालू असलेल्या क्रियेसाठी असते. बहीण असणे, अनुभव असणे, गाडी असणे ही क्रिया नाही, ती स्थिती आहे. मराठीतही आपण ‘मला तीन बहिणी असत आहेत’ असे म्हणत नाही. म्हणून इथे साधा ‘हॅव’: ‘आय हॅव थ्री सिस्टर्स’, ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स’.

पण ‘हॅव’चा अर्थ खाणे-पिणे, अनुभवणे किंवा पार पाडणे असा असेल, तर ती क्रिया होते आणि ‘हॅविंग’ चालते:

• ‘वी आर हॅविंग लंच.’ (आम्ही जेवत आहोत.)
• ‘दे आर हॅविंग अ मीटिंग.’ (त्यांची बैठक चालू आहे.)
• ‘आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द ॲप.’ (मला ॲप वापरताना अडचण येत आहे.)

ओळखण्याची खूण सोपी आहे. मराठीत ‘-त आहे’ किंवा ‘चालू आहे’ म्हणता येत असेल, तर ‘हॅविंग’ बहुधा चालेल. नुसते ‘आहे’ येत असेल, तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’च लिहा.

जाता जाता ‘डाउट’बद्दल. इंग्रजीत या शब्दात अविश्वासाची छटा आहे. शिक्षकांना काही विचारायचे असेल, तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहिणे अधिक योग्य.

‘हॅव’ आणि तिसरे रूप: ‘काल’ आला की थांबा

‘मी अर्ज पाठवला आहे’ म्हणजे ‘आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन’. ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, हा झाला पूर्ण वर्तमानकाळ. इथवर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात.

वाटा फुटतात त्या ‘काल’पाशी. ‘मी काल अर्ज पाठवला आहे’ हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे. इंग्रजीत ‘आय हॅव सेंट द ॲप्लिकेशन यस्टर्डे’ चालत नाही.

याचे कारण या रचनेच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत ही रचना खरोखरच मालकी सांगत असे. ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र आहे’ अशा अर्थाच्या वाक्यातून हळूहळू ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ तयार झाला. म्हणजे काम आधी झाले असले, तरी वाक्याचा जोर आज हातात काय आहे यावर असतो. ‘हॅव’ हे वर्तमानकाळाचे रूप आहे, म्हणून भूतकाळातली ठरावीक वेळ सांगणारा शब्द त्याला पटत नाही.

‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘थ्री डेज अगो’, ‘इन २०१९’, ‘ऑन १२ मार्च’ असे काही आले, की साधा भूतकाळ वापरा: ‘आय सेंट द ॲप्लिकेशन यस्टर्डे’. वेळ सांगायची नसेल, किंवा ‘येट’, ‘सो फार’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’ असे शब्द असतील, तर ‘हॅव’ योग्य: ‘आय हॅव नॉट रिसीव्ड अ रिप्लाय येट’.

‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्याबरोबर ब्रिटिश लेखनात बहुधा ‘हॅव’ असतो. अमेरिकन लोक ‘आय ऑलरेडी एट’ असेही सर्रास म्हणतात.

‘हॅड’: ‘होतो’ म्हणजे नेहमी ‘हॅड’ नव्हे

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ याचे इंग्रजी अनेक जण ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे’ असे करतात. मराठीतला ‘गेलो होतो’ हा प्रयोग ‘गेलो आणि परत आलो, विषय संपला’ असा अर्थ देतो. इंग्रजीत एवढ्यासाठी साधा भूतकाळ पुरतो: ‘आय वेन्ट टू पुणे यस्टर्डे’.

‘हॅड’ आणि तिसरे रूप यांना दोन घटना लागतात. दोन्ही भूतकाळातल्या, आणि त्यांतली आधीची घटना ‘हॅड’ने दाखवायची. ‘आम्ही स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ म्हणजे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन’. गाडी आधी सुटली, आपण नंतर पोहोचलो. हेच वाक्य ‘द ट्रेन लेफ्ट व्हेन वी रीच्ड’ असे लिहिले, तर आपण पोहोचलो आणि त्याच वेळी गाडी सुटली, असा अर्थ होतो.

एकच घटना सांगताना ‘हॅड’ वापरला, तर वाचणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो. ‘आय हॅड पेड द बिल ऑन ५ जून’ असे वाचून त्याला वाटते, मग पुढे काय झाले?

मुख्य क्रियापद म्हणून आलेल्या ‘हॅड’बाबत आणखी जपावे लागते. ‘आय हॅड अ पॉलिसी’ म्हणजे पॉलिसी पूर्वी होती, आता असेलच असे नाही. पॉलिसी चालू असेल, तर ‘आय हॅव अ पॉलिसी’च लिहायला हवे.

‘बीन’ची तीन कामे

‘हॅज बीन’ आणि ‘हॅव बीन’ अवघड वाटतात, कारण एकच ‘बीन’ तीन निराळी कामे करतो.

पहिले काम, जाऊन येणे. ‘ही हॅज गॉन टू दुबई’ म्हणजे तो दुबईला गेला आहे, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू दुबई’ म्हणजे तो कधीतरी दुबईला जाऊन आला आहे.

दुसरे काम, कधीपासून किंवा किती काळ. ‘मी २०१८पासून नाशिकला राहतो’ असे मराठीत साध्या वर्तमानकाळात म्हणतात. इंग्रजीत ‘आय लिव्ह इन नाशिक सिन्स २०१८’ चूक ठरते. तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक सिन्स २०१८’ हवे. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर’: ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर थ्री डेज’.

या ठिकाणी ताप, खाते, गाडी अशी स्थिती सांगायची असेल, तर ‘हॅव हॅड’ ही जोडी येते. ‘मला सोमवारपासून ताप आहे’ म्हणजे ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे’. दोनदा आल्यासारखे दिसले तरी ते बरोबर आहे. पहिला ‘हॅव’ सहाय्यकारी आहे, तर ‘हॅड’ हे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आहे.

तिसरे काम, कर्त्यावर काही घडणे. ‘माझा फोन चोरीला गेला आहे’ याचे इंग्रजी ‘माय फोन हॅज बीन स्टोलन’. यातला ‘बीन’ गळला, तर ‘माय फोन हॅज स्टोलन’ म्हणजे ‘माझ्या फोनने चोरी केली आहे’ असा अर्थ उरतो. ‘अर्ज नाकारला गेला आहे’, ‘खाते गोठवले आहे’, ‘रक्कम वजा झाली आहे’ अशा वाक्यांत कर्ता स्वतः काही करत नाही, त्याच्या बाबतीत काही घडते. तिथे ‘हॅज बीन’ लागतो: ‘द अमाउंट हॅज बीन डिडक्टेड’.

‘हॅव टू’: करावे लागते

‘मला जावे लागते’ म्हणजे ‘आय हॅव टू गो’, ‘तिला जावे लागते’ म्हणजे ‘शी हॅज टू गो’, ‘जावे लागले’ म्हणजे ‘हॅड टू गो’ आणि ‘जावे लागेल’ म्हणजे ‘विल हॅव टू गो’. बोलताना हे ‘हॅफ टू’सारखे ऐकू येते, लिहिताना ‘हॅव टू’च. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, म्हणून ‘हॅड टू वेन्ट’ चूक.

खरी जोखीम नकारात आहे. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे गरज नाही. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करायचेच नाही. ‘ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही’ हे सांगताना ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅबलेट ऑन ॲन एम्प्टी स्टमक’ लिहिले, तर अर्थ होतो ‘रिकाम्या पोटीच घ्यायला हवी असे नाही’. म्हणजे हवी तर घ्या. तिथे ‘यू मस्ट नॉट टेक’ लिहायला हवे. घरातल्या ग्रुपवर औषधाची सूचना पुढे पाठवताना हा फरक विसरून चालत नाही.

करून घेणे आणि चहा घेणे

मराठीतल्या ‘घेणे’चे दोन प्रयोग ‘हॅव’शी छान जुळतात. पहिला ‘करून घेणे’. ‘आम्ही घर रंगवून घेतले’ म्हणजे ‘वी हॅड द हाउस पेंटेड’. ‘वी पेंटेड द हाउस’ म्हटले, तर हातात ब्रश घेऊन आपणच रंगवले असे होते. रचना अशी: हॅव, मग वस्तू, मग तिसरे रूप.

दुसरा खाण्यापिण्याचा. चहा, नाश्ता, जेवण यांना इंग्रजीत ‘हॅव’ लावतात: ‘वी हॅड ब्रेकफास्ट ॲट एट’. औषधाला मात्र ‘टेक’ लागते: ‘टेक धिस मेडिसिन’. आंघोळीला ‘हॅव अ बाथ’ आणि ‘टेक अ बाथ’ दोन्ही चालतात.

लघुरूपे आणि ‘शुड हॅव’

‘हीज’ असे ऐकू येणारे लघुरूप ‘ही इज’ही असते आणि ‘ही हॅज’ही. पुढे तिसरे रूप असेल, तर बहुधा ‘हॅज’: ‘ही हॅज गॉन’. ‘इट्स’चेही तसेच. ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणायचे असेल, तर शेवटच्या ‘एस’च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी हवी. ‘त्याचे’ असा अर्थ असेल, तर ती नको. शंका आली तर वाक्य ‘इट हॅज’ किंवा ‘इट इज’ असे सुटे करून वाचा. अर्थ लागला तर ॲपॉस्ट्रॉफी द्या. अर्ज आणि कार्यालयीन पत्रांत लघुरूपे न वापरणे उत्तम.

‘मी सांगायला हवे होते’ म्हणजे ‘आय शुड हॅव टोल्ड’. बोलताना इथला ‘हॅव’ इतका पुसट होतो, की तो ‘ऑफ’च्या इंग्रजी उच्चारासारखा ऐकू येतो. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही समाजमाध्यमांवर ‘शुड ऑफ’ लिहून जातात. त्यांचे पाहून तसे लिहू नये. ‘शुड’, ‘कुड’, ‘वुड’, ‘मस्ट’ यांच्यानंतर ‘हॅव’ आणि तिसरे रूपच येते.

एक तक्रार, दोन मसुदे

आतापर्यंतचे नियम एका नमुना पत्रात पाहू. डेबिट कार्ड चोरीला गेल्याची तक्रार अशी लिहिली आहे, असे समजा:

‘आय ॲम हॅविंग अ सेव्हिंग्ज अकाउंट इन युवर ब्रँच सिन्स २०१९. माय डेबिट कार्ड हॅज स्टोलन ऑन ५ जून. आय हॅव इन्फॉर्म्ड द ब्रँच ऑन द सेम डे. द मॅनेजर हॅव टोल्ड मी दॅट द कार्ड इज ब्लॉक्ड. समवन हॅव विथड्रॉन मनी ऑन ६ जून. द बँक हॅव नॉट रिप्लाइड.’

दुरुस्त मसुदा असा होईल:

‘आय हॅव हॅड अ सेव्हिंग्ज अकाउंट इन युवर ब्रँच सिन्स २०१९. माय डेबिट कार्ड वॉज स्टोलन ऑन ५ जून. आय इन्फॉर्म्ड द ब्रँच ऑन द सेम डे. द मॅनेजर टोल्ड मी दॅट द कार्ड हॅड बीन ब्लॉक्ड. समवन विथड्र्यू मनी ऑन ६ जून. द बँक हॅज नॉट रिप्लाइड येट.’

तारीख आली तिथे साधा भूतकाळ आला. मॅनेजर, ‘समवन’ आणि बँक हे एकवचनी कर्ते आहेत. आणि ‘हॅड बीन ब्लॉक्ड’मुळे स्पष्ट झाले, की मॅनेजर बोलले त्याआधीच कार्ड बंद केलेले होते. पहिल्या मसुद्यातल्या ‘इज ब्लॉक्ड’वरून कार्ड कधी बंद झाले हे कळत नाही. ते पैसे काढल्यानंतर बंद झाले, असाही अर्थ कोणी काढू शकतो.

हा क्रम केवळ व्याकरणापुरता नाही. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी तो बँकेला कधी कळवतो यावर अवलंबून ठेवली होती, आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे असे म्हटले होते. अशा तक्रारीत आधी काय घडले आणि नंतर काय, हेच सगळ्यात महत्त्वाचे असते.

पाठवण्याआधी पाच प्रश्न

इंग्रजी मजकुरात ‘हॅव’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ दिसला, की हे पाच प्रश्न विचारा:

१. मालक कोण? एक की अनेक? (वस्तू किती आहेत, हे पाहू नका. आदराचे अनेकवचन धरू नका.)
२. आधी ‘डज’, ‘डिड’, ‘विल’, ‘मे’ असे काही आहे का? असेल तर फक्त ‘हॅव’.
३. वाक्यात ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’ किंवा तारीख आहे का? असेल तर साधा भूतकाळ.
४. ‘हॅड’ आणि तिसरे रूप लिहिले आहे, तर दुसरी घटना कुठे आहे? नसेल तर ‘हॅड’ काढा.
५. कर्ता स्वतः काही करतो आहे, की त्याच्या बाबतीत काही घडले आहे? घडले असेल तर ‘बीन’ राहिला नाही ना, ते पाहा.

बोलताना समोरचा माणूस चेहऱ्यावरून आणि संदर्भावरून अर्थ समजून घेतो. अर्ज वाचणाऱ्याच्या हाती फक्त कागद असतो. तुम्हाला कधीपासून ताप आहे, पॉलिसी चालू आहे की संपली, कार्ड आधी बंद झाले की पैसे आधी गेले, हे त्याला एवढ्याशा ‘हॅव’, ‘हॅज’ आणि ‘हॅड’वरूनच कळणार असते.